चोवीस रेघा

भाऊ,

आज तुला जाऊन सव्वा महिना झाला. जुलीची पिल्लं तुझ्या जाण्याहून तीन दिवसांनी मोठी. गुरांच्या कोठ्याच्या भिंतीवर तू नेहमीसारख्या चुन्याच्या तीन रेघा ओढल्यास, आणि चौथ्या दिवशी धान कापायला गेलास तो परत आला नाहीस. चौथी रेघ मी ओढली. घर माणसांनी भरलेलं, वहिनीला बायांनी धरून ठेवलेलं, आणि मी तुझी तंबाखूच्या चुन्याची डबी घेऊन कोठ्यात उभी. कोणीतरी दारातून विचारलं, "का करून राहिली वो बाई?" मी म्हटलं, "दिवस मोजून राहिली." तिला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. फिरलंच असेल थोडं.

तू कसा गेलास, किती माणसं आली, कोण रडलं, हे गावाला माहीत आहे. ते मी लिहीत नाही. मला दुसरंच लिहायचं आहे. जाण्याच्या दोन दिवस आधी तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी तोंड फिरवून चुलीकडे गेले. ते उत्तर माझ्याकडे राहून गेलं आहे.

जुली आपल्याकडे आली तो दिवस आठव. विजेच्या प्लांटच्या कॉलनीतल्या साहेबांची बदली झाली, घर लहान मिळालं, आणि ते जुलीची साखळी तुझ्या हातात देऊन गेले. तू धानाचा माणूस. बैल, म्हैस, कोंबड्या, एवढीच तुझी जनावरं. पण ती पिवळी, मऊ, लोंबत्या कानांची लॅब्राडोर कुत्री पाहून तू असा पाघळलास की वहिनी म्हणाली, "मले असं कधी पाहिलं नाही या माणसानं."

पहिल्या वेताला सात पिल्लं झाली. कॉलनीतून, तिरोड्यातून लोक यायला लागले. विसाव्या दिवशी एक जण पिशवी घेऊनच आला, आणि तू त्याला दारातून परत पाठवलंस. "माणसाची बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाही," तू म्हणालास, "मग हिचं लेकरू कसं ओलांडेल?" गावभर हसू झालं. पारावरच्या लोकांनी विचारलं, बारशाच्या घुगऱ्या कधी वाटता? तू ऐकून घेतलंस, नवेगाव बांधच्या तळ्यातले झिंगे आणलेस, कणीच्या पेजेत शिजवलेस आणि आपल्या हाताने जुलीपुढे ठेवलेस. सव्वा महिन्याच्या रेघा पूर्ण झाल्या, तेव्हा कुठे पहिलं पिल्लू बाहेर गेलं.

दुसरे विकणारेही होते. डोळे उघडले की पिल्लू खोक्यात. लोकांना लहानच पाहिजे असतं, हातात मावलं पाहिजे, फोटोत गोजिरं दिसलं पाहिजे. तू त्या विकणाऱ्यांना मनापासून शिव्या द्यायचास. तू तसा नव्हतास. हे मी आधीच लिहून ठेवते. पुढचं वाचून कोणाला वाटेल की तू तसाच होतास, म्हणून.

आणि मी कोण? अंगणवाडीची सेविका. दिवसभर दुसऱ्यांच्या सुनांना सांगणारी, की सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लेकरांना टांगून तोलायचा काटा आणि रजिस्टर. मी संध्याकाळी आले की तू ओट्यावरून ओरडायचास, "आली वजनकाटा मॅडम. आज कोण हलकं भरलं?" माझा नवरा गेल्यावर मी या घरात परत आले तेव्हा तू एकदाही मला पाहुणी म्हटलं नाहीस. त्याचं मला काय वाटायचं तेही मी कधी तुला सांगितलं नाही, पण ते आता तुला न सांगताच कळलं असेल.

जुलीचं दुसरं वेत झालं तेव्हा आमच्या सुपरवायझर मॅडमची बदली देवरीला झाली होती. माझ्या वाईट दिवसांत त्या बाईने मला सांभाळलं होतं. देवरीत त्यांनी घर बांधलं, वास्तुशांतीला बोलावलं. आता एवढ्या लांब, पहिल्यांदा त्यांच्या घरी, रिकाम्या हाताने कसं जायचं? मॅडमने एकदा जुलीला पाहून म्हटलं होतं, "हिचं एक पिल्लू मला ठेवशील हं." मी तुझ्या मागे लागले. तू म्हणालास, "बाई, चोवीसच दिवस झाले. सव्वा महिना होऊ दे, मीच नेऊन देतो." मी म्हटलं, तेव्हा वास्तुशांती होऊन गेली असेल.

एवढंच कारण होतं, भाऊ. जगात याहून फुटकं कारण नसेल. मला एका घरात रिकाम्या हाताने जायचं नव्हतं.

तरी तू मानत नव्हतास. मग मी माझी विद्या वापरली. अंगणवाडीत आम्ही लेकरांचं उष्टावण करतो, वरचं अन्न कसं सुरू करायचं ते आयांना दाखवतो. मी सकाळपासून ते पिल्लू जुलीपासून वेगळं ठेवलं. दुपारी ताटलीत कोमट पेज घेतली, बोट बुडवून त्याच्या तोंडाला लावलं. भुकेलं लेकरू, चाटणार नाही तर काय करेल? नाकापर्यंत पेजेत बुडून ते चाटत होतं. मी म्हटलं, "पाह्य, जेवते ना तुझं पिल्लू?" तू चकित होऊन पाहत राहिलास. तू माझ्या शिक्षणावर नको तेवढा विश्वास ठेवायचास.

सर्वांत धट्टंकट्टं पिल्लू तूच निवडून दिलंस, उजव्या पायावर पांढरा ठिपका असलेलं. मी काटा घरी ठेवला आणि पिशवीत जुनं लुगडं घालून त्याला ठेवलं. जुली पिशवीमागे सडकेपर्यंत आली. गोंदियापर्यंत ते रडत होतं. गोंदियाला देवरीची बस धरली, आणि मग ते शांत झालं. मला वाटलं, झोपलं. मी, जी पाच-पंचवीस प्रशिक्षणांत बसून शिकलेय की लेकरू रडायचं थांबलं की आधी त्याचे हातपाय गार आहेत का ते बघायचं, ती मी खिडकीतून जंगल बघत बसले. थंडीचे दिवस होते.

सहाव्या दिवशी मॅडमचा फोन आला. मी खिचडी वाढत होते. "अगं, गेलं ते," मॅडम म्हणाल्या. "काही घेतच नव्हतं. पलंगाखाली कोपऱ्यात तोंड करून बसायचं. मग जुलाब लागले. लिंबाच्या झाडाखाली पुरलं. तुझ्या भावाला वाईट वाटेल गं." मी खिचडीचं पातेलं तसंच धरून उभी राहिले.

घरी येताना मी ठरवलं होतं की तुला सांगायचं. पण तू ओट्यावर बसलेला, आणि माझी चप्पल निघायच्या आत तूच विचारलंस, "का म्हणते मॅडमचा वाघ?" इतक्या आनंदाने विचारलंस की माझ्या तोंडून निघालं, "मस्त आहे."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण तू विसरणारा नव्हतास. पंधरा दिवसांनी तू विचारलंस, नाव काय ठेवलं? मी म्हटलं, शेरू. महिन्याने विचारलंस, आता पायरी चढते का? चढते. भुंकते का? भुंकते, दूधवाल्यावर धावून जाते. माझ्या तोंडात ते पिल्लू मोठं व्हायला लागलं. त्याला पट्टा आला. त्याने एकदा साप हुसकला. मी देवरीला मीटिंगला निघाले की तू त्याच्यासाठी सुके झिंगे पुडीत बांधून द्यायचास, आणि मी ती पुडी बसस्टँडवरच्या कुत्र्यांपुढे सोडायचे. ते खायचे, मी बघायचे. मग मीटिंग झाली की मॅडमच्या घरी न जाताच परतीची बस धरायचे.

तू ही गोष्ट सगळ्यांना सांगायचास, हे मला उशिरा कळलं. तिसऱ्या वेताला कोणी घाई केली तेव्हा तू म्हणालास, "होते ना बापा. आमच्या मॅडमचं चोवीस दिवसाचं गेलं, आज वाघ झाला." आणि ताटलीत पेज आणून पिल्लू पुढे ठेवलंस. सकाळपासून आईपासून वेगळं ठेवलेलं, मी ठेवलं होतं तसंच. घेणारे खूश. पेज चाटली म्हणजे पिल्लू जायला मोकळं, असा आपल्या घरचा कायदा झाला. तो कायदा मी केला होता.

कोठ्याची भिंत अजून तशीच आहे. पहिल्या वेताची ओळ लांब. दुसऱ्या ओळीत चोविसाव्या रेघेवर तू आडवी खूण केली आहेस, मॅडमच्या पिल्लाची. तिसरी ओळ सव्विसाला संपते. चौथी पंचविसाला. मग दोन ओळी चोवीस-चोवीसच्या. तू गेल्यापासून मी रोज सकाळी त्या भिंतीपुढे उभी राहते. तुझी बोटं उमटली आहेत चुन्यात. एकेका ओळीत सहा-सहा, सात-सात पिल्लं. मला त्यांची तोंडं आठवत नाहीत. पेज चाटताना त्यांच्या नाकावर येणारे बुडबुडे मात्र आठवतात.

आणि जुली. ती मला कधी चावली नाही, गुरगुरलीसुद्धा नाही. ती एवढंच करते, की मी पिशवी खांद्यावरून उतरवून ठेवली की येते आणि आत तोंड घालून बघते. काटा हुंगते, रजिस्टर हुंगते, आणि जाते. चार वर्षं झाली. मी पिशवी दोनदा बदलली, धुतली, उंच खुंटीला टांगून पाहिली. ती खुंटीखाली येऊन वर मान करून उभी राहते. तू हसायचास, "तिला वाटते तू खाऊ आणला." मीही हसायचे.

यंदा गुरांच्या लसीकरणाला सरकारी डॉक्टर आले होते. त्यांच्यासोबत नोंदी घ्यायला मी बसले. सहज विचारलं, कुत्र्याचं पिल्लू किती दिवसांनी द्यावं? ते म्हणाले, आठ आठवडे तरी. त्याआधी दूध सुटत नाही, अंगात ऊब धरत नाही. आणि चावायचं कुठवर, हे ते भावंडांत लोळूनच शिकतं. वर्षातून दोन-दोन वेतं घेऊ नका, आईची हाडं निघतात. मी खाली मान घालून लिहीत राहिले. म्हणजे तुझा सव्वा महिनाही कमीच होता, भाऊ. पण तो तुझ्या भल्या मनातून आला होता. चोवीस दिवस माझे होते.

त्या संध्याकाळी मी तुझ्याशी भांडले. जुली व्यायली त्याचा दुसरा दिवस होता. तू कोठ्यात धानाच्या तणशीवर तिच्याजवळ बसला होतास. मी म्हटलं, "या बारीला दोन महिने ठेवू."

"गोंदियावाल्याले पंचवीस दिवसाचा शब्द देला म्या."

"शब्द फिरव. डॉक्टर सांगून राहिला ना."

"डॉक्टरले कायले विचारत बसली?" तू एकदम माझ्याकडे वळलास. "तूच तं नेलं होतं चोवीस दिवसाचं, पिशवीत घालून. मेलं का ते? सांग ना, मेलं का?"

तू रागावला नव्हतास. तुला खरंच वाटत होतं की तू जिंकलास. तुझ्या चेहऱ्यावर ते लहानपणीचं हसू होतं, गोट्यांत जिंकल्यावरचं. मी तोंड फिरवलं आणि चुलीकडे गेले. चुलीवर काही नव्हतं. मला वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, धान घरी आल्यावर सांगू, तेव्हा तुला सवड असेल.

तेरवीच्या दोन-तीन दिवस आधी पिल्लांनी डोळे उघडले. तुला न पाहिलेली तुझ्या घरातली ती पहिली पिल्लं. तेरवी झाली आणि मी तुझा फोन उघडला. "पिल्लू कॉलनी", "पिल्लू आमगाव", "पिल्लू तुमसर", असे नंबर तू ठेवले आहेस. मी एकेक लावायला लागले. तू गेलास हे सांगायचं निमित्त. मग हळूच विचारायचं, कसं आहे पिल्लू?

एक माणूस म्हणाला, "वो तो हफ्ते भर में चला गया दीदी. भैया को नहीं बताया. इतने प्यार से दिया था, क्या बताते." दुसऱ्या बाईने सांगितलं, आहे, पण साखळीलाच असतो, घरच्यांनाही चावतो. तिसऱ्याने विषय बदलला. पहिल्या वेतातला एक निघाला, तुमसरचा. त्याच्या मालकाने फोन त्याच्या तोंडाजवळ धरला आणि तो भुंकला. मी ते भुंकणं ऐकत बसले. पुढचे नंबर लावायचा धीर झाला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुझ्याशी खोटं बोलणारी मी एकटीच आहे. तू इतका भला होतास, भाऊ, की तुला कोणी खरं सांगायलाच तयार नव्हतं.

पिल्लांच्या पंचविसाव्या दिवशी गोंदियाच्या त्या गृहस्थांचा फोन आला. माझ्या अंगात खरं बोलायची ताकद नव्हती. मी म्हटलं, घरात दुखवटा आहे, सव्वा महिना या घरातून काहीच बाहेर जात नाही. ते हळहळले, थांबतो म्हणाले. तुझाच सव्वा महिना मी तुझ्या मरणाच्या नावाने वापरला. त्या आडोशाने पिल्लं वाचली. दात आले, एकमेकांचे कान ओढायला लागली, जुली वैतागून त्यांना पायाने ढकलायला लागली. मी रोज रेघ ओढत होते आणि रोज एक दिवस कमी होत होता. आज आडोसा संपला.

सकाळी ते आले. नवा कोरा खोका, आत नवा टॉवेल. माणूस वाईट नाही. तुझ्या फोटोला हात जोडले, डोळे पुसले. वहिनीने मला आत बोलावून सांगितलं, "देऊन टाका, बाई. त्यायनं शब्द देला होता. गेलेल्या माणसाचा शब्द आहे." मी बाहेर आले आणि म्हटलं, और बीस दिन रुक जाइए, अभी छोटे हैं.

ते हसले. "दीदी, भैया ने तो पच्चीस दिन बोला था. वो मैडम वाला तो चौबीस दिन में गया था ना? भैया ने खुद बताया, अब कितना बड़ा हो गया है. क्या नाम है उसका, शेरू?"

तुझ्या अंगणात, तुझ्या फोटोपुढे, एका परक्या माणसाच्या तोंडून मी ते नाव ऐकलं. मला वाटलं, आता तो खरंच कोठ्यामागून येईल, पट्टा घातलेला, उजव्या पायावर पांढरा ठिपका असलेला. मी म्हटलं, "वो मर गया. छठे दिन ही मर गया था. मैंने भैया से झूठ बोला था. चार साल झूठ बोला."

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. चहा तिने खाली ठेवला. ते गृहस्थ खोक्याकडे बघत राहिले. मग वहिनीच पुढे आली, आणि आयुष्यात कधी न बोललेल्या हिंदीत त्यांना म्हणाली, "खोका वापस ले जाव, भाऊ. बीस दिन के बाद आव. टावेल रहने दो, थंडी है."

त्यांनी टॉवेल ठेवला. वीस दिवसांनी येतील की दुसरीकडून डोळे उघडलेलं पिल्लू घेतील, मला माहीत नाही. पिल्लं आत्ता त्या टॉवेलवर एकमेकांवर पडून झोपली आहेत. वहिनी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी तिने तुझी चुन्याची डबी भरून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "जुलीले आता पुन्हा कुत्रा लावायचा नाही." मी मान हलवली. भिंतीवरची आजची ओळ पहिल्या वेताच्या ओळीपेक्षाही तीन रेघांनी लांब झाली आहे.

हे लिहायला बसले तेव्हा मी पिशवी खाली ठेवली. जुली आली. मी काटा बाहेर काढला, रजिस्टर काढलं, पिशवी उलटी करून तिच्यापुढे झटकली. ती सगळं हुंगून झाल्यावर पुन्हा त्या रिकाम्या पिशवीत तोंड घालून उभी राहिली. मी तिला हाकललं नाही.

परक्या माणसाला हिंदीत सांगून झालं. वहिनीने ऐकलं. ज्याने विचारलं होतं त्यालाच सांगायचं राहिलं. चुलीपासून ओट्यापर्यंत दहा पावलं होती, आणि माझ्याकडे दोन दिवस होते.

हो, भाऊ. मेलं. आणि त्याचं नाव शेरू नव्हतं. त्याला नावच नव्हतं.